खोलीतला रविवार



आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे आता रविवारी संध्याकाळी फोनभोवती बसलेली असतात. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची मुलगी जर्मनीत, कुणाचा भाचा अमेरिकेत. डिसेंबर लागला की तिकडून फोटो येऊ लागतात. खिडकीबाहेर पांढरेशुभ्र रस्ते, गाड्यांवर हातभर बर्फ, आणि आत भाड्याच्या घरात तीन-चार मुले पांघरुणात गुरफटून बसलेली. "आज काय केलंस रे दिवसभर?" असे आईने विचारले की उत्तर ठरलेले असते. "काही नाही गं. बर्फ पडतोय. झोपलो, खिचडी केली, सिनेमा बघितला, परत झोपलो." मग आई जरा थांबते आणि दुसरा प्रश्न विचारते, "आणि मिस्सा?" नेमका तेव्हाच फोनचा आवाज तुटायला लागतो.

आपल्या खान्देशात बर्फ पडत नाही. सातपुड्यात तोरणमाळकडे किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठतात, गवतावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. आपला बर्फ तेवढाच. पण माणसाला घरात कोंडणारा दिवस आपल्यालाही चांगला ठाऊक आहे. धुळ्याला जानेवारीत पारा आठ अंशांच्या खाली उतरला की सकाळी नऊपर्यंत गोधडीबाहेर पाय काढवत नाही. आणि मे महिन्यातील जळगाव-भुसावळची दुपार! पारा ४५ अंशांच्या पुढे, रस्ते ओस, दुकानांची शटर अर्ध्यावर, घराघरांतून कूलरच्या ओल्या गवताचा वास. अशा वेळी बाहेर पडणाऱ्याला लोक "कुठे चालला?" असे विचारत नाहीत, "वेडा आहेस का?" असे विचारतात.

अशा दिवशी आपण कुटुंबवाले लोक निदान आपल्या माणसांत असतो. पण आपल्या दोन्ही शहरांत खोल्या करून राहणारी किती मुले-मुली आहेत, इकडे आपले लक्ष असते का? कुणी जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात आहे, कुणी डाळ मिलमध्ये, कुणी नर्सिंगला, कुणी धुळ्यात कॉलेजला. नंदुरबारच्या डोंगरातून आलेली आहेत, नगर-नाशिककडची आहेत. एका खोलीत चौघे, एक पंखा, एक गॅस, दोन गाद्या आणि मोबाइल चार्ज करायला एकच बटण. त्यांना आठवड्यात मिळतो तो हा एकच दिवस. तो झोपून घालवला तर ते पाप आहे का?

सरळ उत्तर द्यायचे तर झोप हे पाप नाही. रात्रपाळी करून आलेल्या मुलाने रविवारी दुपारी बारा तास झोप काढली, तर देवाचा त्यावर राग असेल असे आम्हांला वाटत नाही. देवाची चौथी आज्ञा की तिसरी, या मोजणीत इतर पंथीय बांधव आणि आपण वेगळे पडतो. आपण कॅथोलिक तिला तिसरी म्हणतो. ही आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी येते आणि दोन्ही ठिकाणी तिचे कारण वेगळे दिले आहे. निर्गमच्या पुस्तकात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात मात्र दुसरेच कारण आहे: तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुटी नसते. फारोच्या विटा पाडणाऱ्यांना कुठला आला शब्बाथ? म्हणून तिथे विसाव्याची जी यादी दिली आहे, तीत मुलगा-मुलगी आहेत, दास-दासी आहेत, परका माणूस आहे, बैल आहे, गाढवसुद्धा आहे. बायकोचे नाव मात्र वेगळे नाही. शास्त्र जाणणारे सांगतात की आज्ञा नवरा-बायको दोघांनाही उद्देशून आहे, म्हणून वेगळे नाव घालायची गरज नव्हती. तरी रविवारचे मटण शिजवून, चार पंगती वाढून, भांडी घासून तीन वाजता पाठ टेकणारी एखादी भगिनी म्हणाली की "वेगळे लिहिले असते तर बरे झाले असते", तर आम्ही तिला दोष देणार नाही.

म्हणजे विसाव्याची आज्ञा "तू विसावा घे" एवढीच नाही. तुझ्यामुळे ज्याला विसावा मिळत नाही त्यालाही तो मिळू दे, असा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. चौघांच्या खोलीत हा दुसरा अर्धा भाग फार लवकर उघडा पडतो. रविवारी तिघे लोळत असतात आणि कालची भांडी कुणीतरी एकटाच घासत असतो. बहुतेक वेळा तो वयाने सर्वांत लहान असतो, किंवा नवीन आलेला, किंवा ज्याच्या वाट्याचे भाडे या महिन्यात थकले आहे असा. तो तोंडाने काही बोलत नाही. नळाला पाणी येण्याचा वार असला तर बादल्याही तोच भरतो. बाकीच्यांचा रविवार त्याच्या पाठीवर चाललेला असतो.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचा भारही त्यांच्यावर होता. मुलांच्या खोल्या पसरलेल्या असत. गुरुजी रागावण्याऐवजी स्वतः खोल्या झाडत, अंथरुणे नीट ठेवत, मुलांचे कपडेसुद्धा धुऊन टाकत. मुले परत येऊन पाहत आणि ओशाळत. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे शुभवर्तमान आपण दर वर्षी आज्ञा गुरुवारी ऐकतो आणि वेदीपुढे बारा जण बसवून पायही धुतो. ते बारा शिष्य तरी काय, तीन वर्षे एकत्र खाणारे, एकत्र झोपणारे, मोठा कोण म्हणून वाटेत वाद घालणारे सोबतीच होते. पाय धुण्याचे काम त्या खोलीत कुणालाच आपले वाटले नव्हते, म्हणून ते प्रभूने केले.

आता आळसाविषयी. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रिउस नावाचे एक तपस्वी राहत होते, इ.स. ३९९ मध्ये ते वारले. मठवासीयांना छळणाऱ्या दुष्ट विचारांची त्यांनी यादी केली आणि त्यांतल्या एकाला दुपारचा सैतान म्हटले. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत मानेवर बसतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते. माणूस सारखा खिडकीकडे पाहतो, जेवायला किती वेळ आहे ते मोजतो. मग त्याला वाटू लागते की ही जागाच वाईट आहे, आपण दुसरीकडे गेलो असतो तर भले झाले असते. आणि शेवटी त्याच्या मनात येते की बरोबरच्या बंधूंमध्ये प्रेम म्हणून काही उरलेले नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन. पण मे महिन्यात जळगावात दुपारी दोन वाजता कुलूपबंद उन्हात खोलीवर पडलेल्या मुलाला विचारा, तो म्हणेल की हे आमच्याच खोलीचे आहे.

आळस म्हणजे लोळणे नव्हे, हे एव्हाग्रिउस यांच्या या लिखाणावरून नीट कळते. शेजारी बसलेला माणूस नकोसा होणे, ही त्या आळसाची खरी खूण. चौघे एकाच गादीवर बसलेले असतात, चौघांच्या हातात चार मोबाइल, प्रत्येक जण वेगळ्याच गावी गेलेला. चार वाजेपर्यंत कुणी कुणाशी बोललेले नसते. मग दूध कुणी संपवले यावरून भांडण होते. भांडण दुधाचे नसतेच. दिवसभर एका खोलीत असून आपल्याकडे कुणी मान वर करून पाहिले नाही, याचे ते असते. घरून वाईट बातमी आलेला, परीक्षेत नापास झालेला, कामावरून काढल्याचे अजून कुणाला न सांगितलेला मुलगा याच खोलीत, याच रविवारी, भिंतीकडे तोंड करून झोपलेला असतो. सगळ्यांना वाटते, तो आराम करतोय.

याच्या उलटही होते. संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण संत स्कोलास्तिका यांची गोष्ट पोप महान ग्रेगरी यांनी लिहून ठेवली आहे. भावा-बहिणीची भेट वर्षातून एकदाच होई, मोंते कॅसिनोच्या मठाखाली एका घरात. एका भेटीत दिवसभर देवाच्या गोष्टी झाल्या, जेवण झाले, अंधार पडला. बहीण म्हणाली, आज रात्र इथेच थांब. भावाने मठाचा नियम पुढे केला. तेव्हा तिने टेबलावर हात जुळवले, त्यांवर डोके ठेवले आणि प्रार्थना केली. आकाश निरभ्र होते. पण तिने डोके वर उचलले तो असा गडगडाट आणि असा पाऊस सुरू झाला की बेनेडिक्टना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. ते रागावले. पण थांबावे लागले, आणि रात्रभर दोघे बोलत बसले. तीन दिवसांनी स्कोलास्तिका देवाघरी गेली. ती भेट शेवटची होती, हे त्या पावसामुळेच कळले म्हणायचे. त्या दोघांत तिचे प्रेम अधिक होते म्हणून देवाने तिचे ऐकले, असा ग्रेगरी यांचा निर्वाळा आहे. नियम घालून देणाऱ्या संताविरुद्ध देवाने पावसाची बाजू घेतली, हे आम्हांला फार आवडते. १० फेब्रुवारीला तिचा सण येतो.

पावसाने, बर्फाने, उन्हाने कोंडलेला दिवस असाही वापरता येतो. धुळ्यात तर याचे उदाहरण आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी सत्याग्रही कैदी म्हणून होते. २१ फेब्रुवारीला, रविवारी, विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि दर रविवारी एक याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आहे. महिने कोणते ते पाहा: फेब्रुवारी ते जून, म्हणजे धुळ्याचा पूर्ण उन्हाळा. आपला धर्मग्रंथ वेगळा, श्रद्धा वेगळी. पण बाहेर जाण्याची सोय नसलेली माणसे एका छताखाली बसून रविवारचा काय उपयोग करू शकतात, हे त्यांच्याकडून शिकायला आपल्याला संकोच नसावा. त्यांच्या खोलीला कडी बाहेरून होती. आपल्या खोलीची कडी आतून असते.

आतून कडी लावलेल्या खोलीची गोष्ट शुभवर्तमानातही आहे, आणि तीही रविवारचीच आहे. संत योहान सांगतात की आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारे बंद करून बसले होते. भीतीने बसले होते. त्यांनी त्या दिवशी काही मोठे काम केलेले नव्हते. मगदालिया मरियेने सकाळी निरोप दिला होता, तरी बाहेर पडण्याचा धीर होत नव्हता. आदल्या गुरुवारच्या रात्री पळून गेलेली माणसे एकमेकांच्या नजरेला नजर कशी देत असतील, कोण जाणे. अशा खोलीत पुनरुत्थित प्रभू आला, मधोमध उभा राहिला आणि त्याने शांती दिली. तोमा तेवढा नव्हता. तो कुठे गेला होता, हे शास्त्रात लिहिलेले नाही. परत आल्यावर सोबत्यांनी त्याला सांगितले आणि त्याने साफ नकार दिला. आम्हांला इथे त्या दहा जणांचे कौतुक वाटते. त्यांनी तोम्याला खोलीतून काढले नाही. आठ दिवस तो न मानता त्यांच्यातच राहिला, त्यांच्यातच जेवला, आणि पुढल्या रविवारी तो तिथे होता म्हणून त्याला प्रभू दिसला.

तुम्हां खोलीवर राहणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण चौघांत एकटेच ख्रिस्ती असता. बाकीचे तिघे झोपलेले असताना उठायचे, गार पाण्याने तोंड धुवायचे, अंधारात शर्ट शोधायचा आणि मिस्सेला यायचे, याला लागणारे मनोबळ घरून आई-बाबांबरोबर रिक्षाने येणाऱ्याला कळणार नाही. तुम्ही येता तेव्हा मागच्या बाकावर बसता आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जाता, हेही आम्ही पाहतो. कदाचित कुणी तुमच्याशी बोलत नाही म्हणून निघून जाता.

मिस्सेविषयी ख्रिस्तसभेचा नियम स्पष्ट आहे. रविवारी मिस्सेत भाग घेणे हे आपले कर्तव्य आहे, आणि "फार थंडी होती" हे कारण जानेवारीत धुळ्यात चालणार नाही. पण गंभीर कारण असेल, तर १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातच सांगितले आहे की अशा वेळी स्वतः, घरच्यांबरोबर किंवा काही कुटुंबांनी मिळून योग्य वेळ प्रार्थनेत घालवावा. बर्फात अडकलेल्या आपल्या मुलांना तिकडे हेच लागू पडते. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनीच ते अनुभवले. आणि रूम पार्टनर तापाने फणफणला असताना त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्याची मिस्सा चुकली, तर त्याच्यावर दोष येत नाही. तो पार्टनर कोणत्या धर्माचा, हे त्या नियमात विचारलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ रोजी प्रभुवाराविषयी पत्र लिहिले, त्यात रविवार हा निव्वळ 'वीकएंड' होऊ नये ही काळजी त्यांनी बोलून दाखवली. त्याच पत्रात आजाऱ्यांना भेटणे, एकट्या माणसाला जेवायला बोलावणे, हेही रविवारचेच काम म्हणून सांगितले आहे.

रविवारची ही सुटी आपल्याला कशी मिळाली, तेही मुलांनी जाणून घ्यावे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ.स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये आणि शहरातील कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्याला मात्र पेरणी चुकू नये म्हणून मोकळीक ठेवली. पण आपल्या मुंबईच्या गिरणी कामगाराला त्यानंतर साडेपंधराशे वर्षांनीही रविवार नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीत एक मुद्दा होता असे सांगतात. म्हणजे आपण ज्या दिवशी मिस्सेला येतो, तो दिवस मोकळा होण्यामागे आपल्या धर्माबाहेरच्या माणसांचेही कष्ट आहेत. आणि अजूनही सर्वांना तो मिळालेला नाही. आपल्या धर्मग्रामातील नर्स भगिनी, सिक्युरिटीवाले, रेल्वेतले बांधव यांची सुटी फिरत असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या जात्याला तर रविवार कधी नव्हताच; त्यांनी दळता दळता आणि शेतात राबता राबताच गाणी रचली.

खिडकीतून सुंदर दिसणारे हवामान बाहेर सर्वांना सारखे नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा शेतांत गारांचे पांढरे थर साचले होते. शहरातल्या मुलांनी त्या गारा ओंजळीत घेऊन फोटो काढले. ज्याचा उभा गहू आडवा झाला, त्याने त्या पांढऱ्या रंगाकडे कसे पाहिले असेल? म्हणून दुलईत पडून राहण्याचा आनंद घ्या, पण त्या दिवशी बाहेर कोण आहे, याची आठवण प्रार्थनेत असू द्या. जेवण घेऊन तुमच्या दारात येणारा डिलिव्हरीचा मुलगाही कुणाच्या तरी खोलीतला चौथा असतो.

थंडीतला रविवार कसा घालवावा असे कुणी विचारले, तर खान्देशी माणसाचे उत्तर तयार आहे: भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याआधी कितीतरी पिढ्या ही वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली जात आहेत. या जेवणाची गंमत अशी, की ते एकट्याने करताच येत नाही. एकाने जाळ करायचा, एकाने वांगी फिरवायची, एकाने साल काढताना बोटे भाजून घ्यायची, एकाने मिरच्या-लसूण ठेचायचे, आणि कळण्याच्या पुऱ्या लाटायला आणखी कुणीतरी हवेच. हात काळे झाले की मोबाइल आपोआप बाजूला पडतो. तिबिर्याच्या किनाऱ्यावर रात्रभर राबून रिकाम्या हातांनी परतलेल्या शिष्यांसाठी प्रभूने काय केले होते? निखारे पेटवले होते, त्यांवर मासळी ठेवली होती, आणि या, खाऊन घ्या, असे म्हणून त्यांना जवळ बोलावले होते. पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते, त्याविषयीचे बोलणे न्याहारी झाल्यावर काढले.

तर आता कुटुंबांना एक विनंती. आपल्या आसपास खोली करून राहणारी ख्रिस्ती मुले-मुली कुठे कुठे आहेत, याची नोंद करण्यासाठी चर्चच्या दारापाशी एक वही ठेवली आहे. मुलांनी आपली नावे आणि खोलीचा पत्ता लिहावा. ज्या घरांना महिन्यातून एका रविवारी दोघा-चौघांना जेवायला बोलावणे जमेल, त्यांनी दुसऱ्या बाजूच्या पानावर लिहावे. रूम पार्टनर अन्य धर्माचा असेल तर त्यालाही बरोबर आणावे, वेगळे विचारायची गरज नाही. आणि जेवण झाल्यावर भांडी कुणी घासायची, ते मुलांनी आपसांत ठरवावे. घरच्या बाईला उठू देऊ नये.